लीलाअक्का धावायला लागल्या तेव्हा

पोस्टकार्ड दुपारच्या टपालानं धुळ्यात आलं. अक्कांच्या भाच्याचं अक्षर, चारच ओळी. लीलाअक्का गेल्या. वाचून झाल्यावर रीतीप्रमाणे ते फाडून टाकायला हवं होतं, पण हात धजला नाही. महिन्यापूर्वीच मी त्यांना जळगावच्या दवाखान्यात भेटून आले होते. अंगावर मांस उरलं नव्हतं. मी दिसताच विचारलं, “कुसुम, पळतेस की नाही अजून?” मी “हो” म्हटलं. त्या नुसत्याच हसल्या. खोटं त्यांना लगेच कळायचं...

तेव्हा चीनच्या युद्धाला दोन-तीन वर्षं झाली असतील. एरंडोलजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मी नवी मास्तरीण म्हणून रुजू झाले आणि अक्कांच्या खोलीत राहायला गेले. अक्का चाळिशीच्या, विधवा, अंगानं भरलेल्या. खुर्चीतून उठताना टेबलाला हात टेकायच्या. पाढे मात्र अशा खणखणीत आवाजात म्हणून घ्यायच्या की शेजारच्या माझ्या वर्गातली मुलंही त्यांच्याच सुरात म्हणायला लागायची.

त्या वर्षी ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. मधल्या सुट्टीत तिसरीतली मंजुळा शाळेच्या कुंपणापाशी खेळत होती. तिला पान लागलं. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, असंच म्हणतात. बाप्ये सगळे शेतात. एरंडोलला दवाखान्यात न्यायचं तर एसटी फाट्यावरून जायची, आणि फाटा गावापासून दीड मैल. अक्का म्हणाल्या, “तू पोरीला बैलगाडीत घालून आण. मी पुढे जाऊन गाडी अडवते.” आणि पदर खोचून धावत सुटल्या.

मंजुळाच्या आईला, रुखमाबाईला, शेतातून बोलावून आणून आम्ही गाडी जुंपली. निम्म्या वाटेवर नाला लागतो. तिथे अक्का मातीत बसलेल्या दिसल्या. तोंड उघडं, श्वास आत जात नव्हता. नाल्याच्या चढावरून फाटा समोर दिसतो. त्यांनी हात वर केला होता, पण हाक फुटली नव्हती, आणि एसटी निघून गेली होती. दुसरी दोन तासांनी होती. बैलगाडी तशीच एरंडोलच्या रस्त्याला लागली. मंजुळा वाटेतच आईच्या मांडीवर गेली.

अक्कांना कुणी बोल लावला नाही. रुखमाबाईनं तर नाहीच. पण अक्का पंधरा दिवस धड जेवल्या नाहीत. मग एका पहाटे मला जाग आली तर त्या नऊवारीचा काष्टा घट्ट कसत होत्या. “कुठे निघालात?” “पळायला,” त्या म्हणाल्या. “एकटीला लाज वाटते. चल.”

मीही काही सडपातळ नव्हते. पहिल्या दिवशी एका बाभळीपासून दुसरीपर्यंत पळालो आणि दोघींच्या पोटात कळ आली. तिसऱ्या दिवशी पायाच्या नळ्या अशा दुखत होत्या की शाळेची पायरी चढवेना. अक्का उजाडलं की निघायच्याच. दर आठवड्याला एक बाभूळ वाढवायची, एवढाच त्यांचा नेम. किराणा दुकानदार केवलचंदशेठ ओट्यावरून ओरडायचे, “कोन मांगे लागनं वं बाई?” लोक हसायचे. अक्का मान खाली घालून पळत राहायच्या. वर्षभरात त्यांचा दम वाढला. पण नाल्यापाशी आल्या की पाय थांबायचे. तिथून त्या मागे वळायच्या.

हळूहळू मागे माणसं लागली. आधी शाळेतल्या मुली, मग दोन सुना, आणि एक दिवस धोतर सावरत खुद्द केवलचंदशेठ. डॉक्टरनं त्यांना साखरेचं भय घातलं होतं. पुढच्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सगळ्या गावानं शाळेपासून फाट्यापर्यंत पळत जायचं ठरलं. बक्षीस नाही, नंबर नाही. सगळ्यात मागचा माणूस पोचेपर्यंत पुढच्यांनी तिथेच थांबायचं, ही अक्कांची अट.

त्या दिवशी रुखमाबाई रस्त्याकडेला उभी होती. आम्ही तिच्यावरून पुढे गेलो. थोड्या वेळानं मागून पावलं ऐकू आली. अनवाणी पळत ती अक्कांच्या शेजारी आली. नाला आला. अक्का थांबल्या. “कुसुम, तू जा पुढं,” त्या म्हणाल्या. मी हलले नाही. रुखमाबाईनं त्यांचा हात धरला.

“चाल बाई. थांबू नको. मी शे ना.”

अक्का रडायला लागल्या. गावासमोर त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं. रडत रडतच त्या नाल्यात उतरल्या आणि दुसऱ्या बाजूनं वर चढल्या. फाट्यावर दोघी सगळ्यांत शेवटी पोचल्या. केवलचंदशेठ घाम पुसत कधीचे वाट पाहत उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

पुढे माझं लग्न झालं, मी धुळ्याला आले. संसारात पळणं सुटलं. गावाची दौड मात्र दरवर्षी होत राहिली, पत्रातून कळायचं.

अक्कांचं दिवस-कार्य आटोपल्यावर मी त्या शाळेच्या गावी गेले. अक्कांची खोली रिकामी केली होती. जमीन ताजी सारवलेली, खिडकी सताड उघडी. मी आत जरा टेकले तोच दारात शिरपूरकडची नवी मास्तरीण आली. वीस-एकवीसची, बावरलेली. तिची ट्रंक डोक्यावर घेऊन मागे रुखमाबाई. आता केस पांढरे झालेत. तिनं ट्रंक भिंतीशी ठेवली, पोरीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“पयता येस का वं बाई तुले?”

मुलगी गोंधळून माझ्याकडे बघू लागली. “पळता येतं का, विचारतायत,” मी म्हटलं.

“नाही हो,” ती ओशाळून म्हणाली. “मला लगेच दम लागतो.”

“लागू दे,” रुखमाबाई म्हणाली. “सकाये मी उठाडसू तुले.”