बोरी अरबची दुसरी फेरी

या ब्लॉगवर तुम्ही माझ्याबरोबर किल्ले चढलात, कोकणात मासे खाल्लेत. या वेळी मी यवतमाळला गेले, आणि तेही कामासाठी.

मी पेशाने कॉस्ट अकाउंटंट. तिकडची एक लहानशी संस्था यवतमाळ जिल्ह्यात गावोगाव गाडी फिरवते. गाडीत डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा असतो. मधुमेह जुना झाला की हा पडदा हळूहळू बिघडतो. दुखत नाही, खुपत नाही, आणि कळतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. वेळेत सापडलं तर लेझरने नजर राखता येते. संस्थेचा पैसा आटत चालला होता. "गाडी परवडते का आणि कात्री कुठे लावायची, एवढं बघून सांगा," असं त्यांनी कळवलं. मानधन नाही, राहणं-खाणं त्यांचं. डिसेंबर होता, माझी चार दिवस रजा शिल्लक होती. हो म्हणून टाकलं.

निघण्याआधीच मी त्यांच्या कागदांत एका रकमेभोवती लाल गोल काढला होता. गाडी गावात जाऊन फोटो काढते आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा त्याच गावात जाते. या दुसऱ्या फेरीत एकही फोटो निघत नाही, डिझेल मात्र तेवढंच जळतं. कात्री इथेच लावायची, हे मी पुण्यातच ठरवून टाकलं होतं.

पुण्याहून येणाऱ्यांनी रेल्वेने वर्ध्याला उतरावं आणि तिथून एसटी धरावी. वाटेत कळंब लागतं. मीही तिथेच उतरले, कारण त्या दिवशी गाडी कळंबला होती. हाताशी तासभर होता, म्हणून आधी चिंतामणीचं दर्शन घेतलं. हा गणपती जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. सकाळी गर्दी नसते आणि खाली छान गार वाटतं. देवळाबाहेर तर्री पोहे खाल्ले, दहा रुपये प्लेट. तर्री आधी बोटाने चाखून मगच घाला. मी तसं केलं नाही आणि पुढची दहा मिनिटं डोळे पुसत होते.

शाळेच्या एका खोलीत खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. कॅमेऱ्याशी होत्या नलूताई. वय पन्नाशीच्या पुढे, यवतमाळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात वीस वर्षं परिचारिका, आणि आता या गाडीवर. गाडी चालवायचे रशीदभाई, मूळचे मेकॅनिक. जनरेटर, दिवा, कॅमेऱ्याचं स्टँड, सगळ्याची दुरुस्ती तेच करायचे.

रांगेतल्या एका बाईंना नलूताईंनी विचारलं, "गोळी रोज घेता ना?"

"रोज कायले? एक दिवसाआड घेतो. कापसाले भाव येईन तवा रोज घेईन."

नलूताई रागावल्या नाहीत. सरकारी दवाखान्यात गोळी फुकट कोणत्या वारी मिळते, ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आणि बाईंची हनुवटी हळूच कॅमेऱ्याच्या पट्टीवर टेकवली.

संध्याकाळी यवतमाळकडे जाताना मी मांडीवर कागद घेऊन आकडेमोड करत होते. नलूताई वाकून बघत म्हणाल्या, "एकूण खर्चाले फोटोच्या संख्येनं भागून राह्यल्या का?"

"हो. एका फोटोला काय पडतं ते काढतेय."

"मंग आमचं काम लय भारी दिसन. पन फोटो काढून कोनाचा डोळा वाचत नाही, मॅडम. लेझरच्या खुर्चीत किती जन बसले, त्यानं भागा."

मी भागलं. आकडा असा उसळला की मी पुन्हा तपासून पाहिला. ज्यांना लेझरची गरज निघाली होती, त्यांतले निम्मेसुद्धा यवतमाळला पोचले नव्हते.

"बाकीचे काहून येत नाहीत?" मीही त्यांच्यासारखं बोलायला लागले होते.

"मले तं दिसते, म्हनतात. त्याहीच्यासाठीच दुसरी फेरी. उद्या चला बोरी अरबले."

मुक्काम यवतमाळला, बसस्टँडजवळच्या लॉजवर. खोली स्वच्छ, गरम पाण्याची बादली सकाळी सातपर्यंतच मिळते. रात्री सांबारवडी खाल्ली. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, त्यामुळे इडलीबरोबरचं काही येईल अशी वाट बघत बसू नका.

दुसऱ्या दिवशी दारव्हा रस्त्याला लागलो. रस्ता बरा होता, पण कापसाच्या गाड्यांमागे अडकत अडकत जावं लागलं. बोरी अरब मोठं गाव आहे, बाजारही भरलेला होता. आम्ही मात्र एकाच माणसासाठी आलो होतो. हबीबचाचा, घड्याळं दुरुस्त करणारे, साठीच्या आसपासचे. तीन महिन्यांपूर्वी त्यांचा फोटो काढला होता, डॉक्टरांनी तातडीने बोलावलं होतं आणि ते आले नव्हते. एका माणसासाठी एवढी गाडी! माझा लाल गोल मला बरोबरच वाटत होता.

चाचांचं दुकान म्हणजे कपड्याच्या दुकानाच्या ओट्यावरची काचेची पेटी. त्यांनी चहा मागवला आणि हसत म्हणाले, "सिस्टर, तुमची चिठ्ठी मिळाली. पन मले कायले बुलाते? मले तं सगळं दिसून राह्यलं."

त्यांनी उजव्या डोळ्याला भिंग लावलं, चिमट्याने मोहरीहून बारीक स्क्रू उचलला आणि घड्याळात बसवला. हात जरासुद्धा हलला नाही. "आता बोला. ज्याची नजर खराब, तो हे करीन का?"

 

नलूताईंनी चहा संपवला आणि म्हणाल्या, "चाचा, भिंग जरा डाव्या डोळ्याले लावा."

"कायले? चाळीस साल झाले, उजव्यालेच लावतो. डावा बंदच असते."

"एक डाव लावा तं."

चाचांनी भिंग डावीकडे घेतलं. चिमटा स्क्रूच्या शेजारी पडला, पुन्हा शेजारीच पडला. त्यांनी भिंग सदऱ्याला पुसलं, दिवा जवळ ओढला, पुन्हा प्रयत्न केला. मग भिंग काढून ठेवलं, तळव्याने उजवा डोळा झाकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुमचं तोंड नाही दिसून राह्यलं. किनारा दिसते. बीचमें धब्बा."

 बाजारात कोणीतरी वांग्यांचा भाव ओरडत होतं.

"ये कब गया?" चाचांनी अगदी हळू विचारलं.

"मले नाही ठाऊक, चाचा," नलूताई म्हणाल्या. "पन उजव्यातही सुरू झालं आहे. तो अजून हातात आहे."

चाचांनी पेटीतल्या घड्याळांकडे बघितलं. कापसाचा भाव पडल्यापासून लोक सेलही बदलत नव्हते, बंद घड्याळं तशीच हाताला बांधून फिरत होते. त्यात लगीनसराईची तीन घड्याळं आली होती आणि ती शनिवारी द्यायची होती. दुकान बंद ठेवणं सोपं नव्हतं. रशीदभाई गाडीपाशी उभे राहून ऐकत होते. ते पुढे आले. "चाचा, सुबे सात बजे मी येतो. दुपारच्या नमाजले तुम्ही घरी."

परतताना वाटेतल्या एका ढाब्यावर पाटोडी-रस्सा खाल्ला. चांगला असावा. माझं लक्ष नव्हतं.

तिसऱ्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात चाचा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. डॉक्टरबाईंनी खोटी आशा दाखवली नाही. "गेलेलं लेझर परत आणत नाही, चाचा. आहे ते राखायचं आहे. आधी उजवा करू."

"राहीन का?"

"साखर सांभाळली आणि बोलावलं तेव्हा आलात, तर बहुतेक राहील."

बाहेर आले तेव्हा चाचांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. दुखलं का, असं मी विचारलं. "टिचक्या मारल्यासारखं झालं," ते म्हणाले. मग चेहरा अंदाजाने नलूताईंकडे वळवला. "सिस्टर, अगली बार मी बसनं येईन. गाडी दुसऱ्या कोनासाठी पाठवा."

नलूताई फक्त मान हलवून पुढच्या गावाची यादी काढायला लागल्या. महागावचे सात जण आले नव्हते. वीस वर्षं नोकरी केलेली ही बाई अशा सात-सात दारांवर जाते, चहा पिते आणि न चिडता तेच तेच समजावते. मी आजवर पुष्कळ हिशेब तपासले, इतकं चोख काम क्वचित पाहिलं.

पुण्याला आल्यावर अहवाल लिहिला. ज्यांचा पडदा स्वच्छ निघाला, त्यांचे फोटो दरवर्षी काढू नका. मधुमेह नसलेल्यांची गर्दी कॅमेऱ्यापुढे उभी करू नका. तिथे वाचेल तो पैसा दुसऱ्या फेरीला द्या, कारण तिच्याशिवाय पहिल्या फेरीचा बराचसा खर्च वाया जातो. संस्थेने हे मान्य केलं, पण एका वर्षापुरतंच. पुढचं पुढे बघू म्हणाले.

तिकडे जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम. स्वेटर न्या.

आता घरातली गोष्ट. माझ्या सासऱ्यांना चौदा वर्षं मधुमेह आहे. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांच्या आत डोळ्यांचे तीन दवाखाने आहेत. आल्या दिवशी जेवताना मी विचारलं, "अण्णा, डोळ्याचा पडदा कधी तपासलाय?"

"कशाला? रोज पेपर वाचतो की मी."

घरात कोणीच त्यांना हे आजवर विचारलं नव्हतं. मी तर रोज त्यांच्या चहात साखर घालत नाही, एवढीच काळजी घेतल्याच्या समाधानात होते.

शनिवारी त्यांना घेऊन गेले. डोळ्यांत थेंब घालून ते तासभर बाकावर कुरकुरत बसले, वाचता येत नाही म्हणून. डाव्या पडद्यावर बारीक ठिपके निघाले. अगदी सुरुवात आहे, डॉक्टर म्हणाले, लेझर नको, साखर आवरा आणि सहा महिन्यांनी या.

रिक्षात अण्णांनी डॉक्टरांचा कागद घडी करून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "सहा महिन्यांनी मी विसरेन. तू आठवण कर."