दोन शिक्क्यांचं नाटक

मोरचूद घातलेल्या खळीचा वास आला, की मला आमच्या दिघोरीच्या वाचनालयाचा ओटा आठवतो. दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडईची जत्रा तोंडावर आली होती, गावच्या मंडळींनी बसवायला नाटक निवडलं होतं आणि आमच्या प्रतीचा शेवटचा अंक वाळवीनं खाल्ला होता. नवं पुस्तक कुठं मिळेना. मी ग्रंथपाल, जिल्ह्यातल्या ग्रंथपालांच्या ग्रुपवर विचारलं, तर साकोलीच्या ग्रंथपाल बाईंचा लगेच फोन आला, "आहे ना भाऊ, पण आमच्या पुस्तकाचा पयलाच अंक फाटला. अन् आमच्या इथंबी तेच नाटक बसवून राहिले. तुमचा पयला अंक आमाले द्या, आमचा शेवटचा तुमी घ्या." वाचनालयाचे अध्यक्ष उसळले, "त्यायचं आणून घे, पण आपलं पुस्तक गावाबाहेर कायले धाडतं?" मी म्हटलं, "अर्धं नाटक कपाटात ठेवून कोणाले दाखवाचं, काका?" त्यांनी कपाटाची किल्ली माझ्यापुढं सरकवली. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः एसटीनं पुस्तक घेऊन आल्या. ओट्यावर चूल मांडून आम्ही तांदळाच्या पिठाची, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली खळ शिजवली आणि दोन फाटक्या पुस्तकांचं एक धड पुस्तक बांधलं. पहिल्या पानावर आमचा शिक्का बसला, शेवटच्या पानावर त्यांचा. त्या वर्षी ते नाटक दोन्ही गावांच्या मंडईत गाजलं. परवा कारध्याच्या वाचनालयानं तेच पुस्तक मागितलं. मी ते पिशवीत घालत होतो, तेवढ्यात अध्यक्ष आले. पुस्तक उघडून दोन्ही शिक्क्यांवरून त्यांनी हात फिरवला आणि ऐटीत म्हणाले, "कारध्यावाल्यायले सांग, तुमच्या शिक्क्यासाठी मधात जागा ठेवली आहे."