लोखंडाला लागलेला चेंडू

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. उमरखेडला मी शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि बास्केटबॉलच्या नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं, एवढ्या एकाच लायकीवर गावाने मला पंच केलं. खेळ म्हणाल तर मी हुतूतूच काय तो खेळलो होतो, त्यातही सगळ्यांत आधी बाद व्हायचो. पण गळ्यात शिट्टी आली आणि मी ताठ चालू लागलो. पुस्तक कोटाच्या खिशातून अर्धं बाहेर दिसेल असं ठेवायचो. वाचलंही अर्धंच होतं.

त्या दिवशी सामना होता आमच्या व्यायामशाळेचा आणि राजूरच्या खाणकामगारांचा. जिंकेल तो संघ यवतमाळला खेळायला जाणार होता. आमचे एका गुणाने मागे. शेवटी चेंडू आला ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका तरुण मिस्त्रीकडे. रिंगखाली आमचाच उंच गडी हात वर करून उभा होता, पण मिस्त्रीने पास न देता स्वतःच चेंडू फेकला. तो हवेत असतानाच शाळेच्या शिपायाने वेळ संपल्याची घंटा दिली. चेंडू रिंगच्या लोखंडावर आपटला, हातभर वर उडाला आणि आत पडला.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पुस्तक उघडून बघावं तर पंचाची अब्रू जाते. मग मी हुतूतूचं डोकं चालवलं. चेंडू अधांतरी आहे तोवर त्याचा दम चालू, लोखंडाला टेकला की दम तुटला! "बास्केट नाही!" मी असा ओरडलो की बाजारापर्यंत ऐकू गेलं असावं.

"सर, चेंडू तं खाली पडलाच नव्हता," मिस्त्री म्हणाला. "मंग खेळ कसा संपला?"

"नियम आहे," मी खिशावर थाप मारली.

राजूरचे यवतमाळला गेले. आमच्या संघाने राग मिस्त्रीवर काढला. पास दिला असता तर जिंकलो असतो म्हणाले, आणि त्याला संघातून काढून टाकलं.

चार दिवसांनी मी पुस्तकाचा उरलेला भाग वाचला. चेंडू आत जाईपर्यंत, जमिनीला लागेपर्यंत किंवा आता जात नाही हे उघड होईपर्यंत फेक चालूच धरायची होती. लोखंडाला लागल्याने काही बिघडत नव्हतं. इंग्रजी इतकं सोपं की माझ्या आठवीच्या पोरांनीही अर्थ सांगितला असता. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. पुढचे पंधरा दिवस मी मिस्त्रीचं दुकान टाळून लांबच्या गल्लीने शाळेत जात होतो.

शेवटी गेलो. तो ट्रकखाली होता, बाहेर फक्त पाय दिसत होते. पायांशी बोलणं मला सोपं गेलं. चूक माझी होती, तुझा बास्केट खरा होता, असं सगळं सांगून टाकलं. तो बाहेर आला, चिंधीला हात पुसले. आता शिव्या देईल असं वाटलं.

"मले एकट्याले सांगून काय फायदा, सर? चला."

मैदानावर संघाचा सराव चालू होता. त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि मला मधोमध उभं केलं. मी पुस्तक उघडून नियम मराठीत सांगायला लागलो. दुसऱ्याच ओळीला मी पुस्तकात तोंड घालून पुटपुटू लागलो.

"जोरानं सांगा, सर," तो म्हणाला. "त्या दिवशी वरडले होते तसं."