मखरातला मासा

श्यामसुंदर खांबेटे मासा शोधताहेत, ही बातमी डमडमच्या त्या इमारतीत पसरली आणि वरच्या मजल्यावरच्या सुचित्रादींनी माशाला लावायला वाटीभर वाटलेली मोहरी खाली पाठवून दिली. बँकेतला हा मराठी अधिकारी इतकी वर्षं कलकत्त्यात राहूनही मटकीची उसळ खातो, तो अखेर सुधारला, असा त्यांचा समज झाला. मासा खायचा नसून बघायचा आहे, हे कळल्यावर त्यांनी खांबेट्यांकडे असं पाहिलं, जणू हापूसची पेटी आणून नुसता वास घेणारा माणूस समोर उभा आहे.

बघायची सोय दिवाणखान्यात होती. दोन फुटांची ती काचपेटी कालिंदीबाईंची. लेक ऋता नोकरीला बंगलोरला गेली आणि घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी ती आणली. घरात नवरा आहे, हे खांबेट्यांनी तेव्हा सुचवून पाहिलं होतं. पेटीत निळ्या-लाल रेघांच्या निऑन माशांची एक टोळी होती, काही गप्पी होते, आणि त्या गप्पींत एक शेपटीला जन्मतः बाक असलेला. त्याचं नाव वाकड्या. तो सरळ निघाला की डावीकडे पोचायचा. सकाळी कालिंदीबाई त्याची विचारपूस चहाआधी करत आणि खांबेट्यांची चहानंतर.

"अगं, सगळं आहे, पण मुख्य मासा कुठाय?" खांबेटे एकदा म्हणाले. "मखर सजवलंय आणि गणपतीचा पत्ता नाही. पाहुण्याने बघायचं कुणाकडे?"

"वाकड्याकडे."

"एक रुबाबदार मासा हवा मधोमध. मी निवडतो."

कालिंदीबाईंनी दाराबाहेर पाहिलं. तिथे जिन्याच्या वळणावर खांबेट्यांनी निवडलेला सोफा होता. दुकानात तो फार रुबाबदार दिसला होता; दारातून मात्र आत शिरेना. तेव्हापासून तो तिथेच होता आणि संध्याकाळी सगळ्या इमारतीचा अड्डा त्याच्यावर भरायचा.

"आणा," त्या म्हणाल्या. "पण माझ्या एकाही माशाला धक्का लागला, तर यापुढे या घरातलं सगळं मी ठरवणार. तुमच्या निवृत्तीनंतर कुठे राहायचं तेसुद्धा."

खांबेट्यांनी हसून मान्य केलं. निवृत्तीनंतर पुण्याला जायचं हे ठरलेलंच होतं. म्हणजे त्यांनी ठरवलं होतं. कालिंदीबाईंना कुठे राहायचंय, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

रविवारी ते बागबाजारजवळ गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारात गेले. एके काळी मराठे येतील या धास्तीने कलकत्तेकरांनी याच बाजूला खंदक खणायला घेतला होता. आज एक मराठा कापडी पिशवी घेऊन स्वतः येऊन ठेपला होता आणि त्याला बाजूला हो म्हणून कोंबडीवाला ओरडत होता.

खांबेट्यांनी आयुष्यभर मुलाखती घेतल्या होत्या. त्यांनी माशांच्याही घेतल्या. बोट काचेवर नेलं की कोण दचकतो, कोण मान राखून उभा राहतो, हे ते पाहत होते. एक चंदेरी एंजल मासा उभ्या पताकेसारखे पर सांभाळत त्यांच्यासमोर आला आणि थांबला. खांबेट्यांना तो अदब दाखवतोय असं वाटलं. त्याला भूक लागली होती.

"स्वभाव कसा आहे?" त्यांनी मोडक्या बंगालीत विचारलं.

"खूब शांतो, दादा," विक्रेता म्हणाला.

इथे खरं तर खांबेट्यांनी थांबायला हवं होतं. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. शाखेत कुणी डोईजड झाला की त्याला दुसऱ्या शाखेच्या गळ्यात घालताना ते स्वतः फोनवर हेच सांगत: "अहो, फार शांत मुलगा आहे." पण मनुष्य आपली थाप दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो तेव्हा त्याला ती खरी वाटते.

सुरुवातीला एंजल खरोखरच शोभला. खांबेट्यांनी जिन्यावरच्या अड्ड्याला आत बोलावून त्याचं दर्शन घडवलं. पुढे तो अंगाने भरला, आणि निऑनची टोळी विरळ दिसू लागली. "लपले असतील रोपामागे," खांबेटे म्हणत. रोपामागे कुणी नव्हतं. एका सकाळी कालिंदीबाईंचा चहा तसाच राहिला. वाकड्या तळाशी टेकला होता, आणि त्याची ती वाकडी शेपटी अर्धीच उरली होती.

त्या ओरडल्या नाहीत. खांबेट्यांनी त्याची तयारी ठेवली होती. त्या नुसत्या काचेपाशी बसून राहिल्या; त्याची तयारी नव्हती.

"मी आपलं... मुलाखतीत तो फार गरीब वाटला गं."

"मुलाखतीत तुम्हीही वाटला होतात," कालिंदीबाई म्हणाल्या.

एंजलची बदली त्याच दिवशी झाली. खांबेट्यांच्या एस्प्लनेडच्या ऑफिसात तन्मय म्हणून सहकारी होता. त्याच्याकडे मोठ्या माशांची मोठी टाकी होती. पिशवी हाती देताना खांबेटे म्हणाले, "शांत नाहीये हं हा. लहानांना खातो." उभ्या नोकरीत बदलीच्या माणसाबद्दल ते पहिल्यांदाच खरं बोलले होते.

घरी येऊन त्यांनी हार कबूल केली. "आता सगळं तू ठरव."

"ठरवलंय. दुसरा मासाही तुम्हीच आणायचा."

"मी? पुन्हा?"

"बघण्यातला नको, राहण्यातला आणा."

या खेपेला खांबेट्यांनी मुलाखत घेतली नाही. ते पेट्यांसमोर पाठीमागे हात बांधून नुसते उभे राहिले आणि कोण कुणाला ढकलतो ते बघत बसले. कुणालाच न ढकलणारा एक मधाच्या रंगाचा, बोटाच्या पेराएवढा मासा त्यांनी आणला. हनी गोरामी. लहान तोंड, आणि पोटाखाली दोऱ्यासारख्या दोन मिशा. त्याला पेटीत सोडल्याबरोबर तो रोपामागे गेला आणि तिथेच राहिला. गणपती आणावा आणि त्याने मखराच्या मागे जाऊन बसावं, तशातली गत.

सुचित्रादी बघायला आल्या, वाकल्या, आणि टाळी वाजवून हसल्या.

"ओ मा, दादा! हा तर आमचा खोल्शे! आमच्या गावी तळ्यात ढिगाने असतो. माझी आई वांगं घालून याची चच्चडी करायची, सुक्या भाजीसारखी. मोहरी आहे ना अजून?"

शेजाऱ्यांच्या ताटातला मासा आपण दिवाणखान्यात मानाने बसवला! खांबेट्यांना सोफा आठवला. ते रोज संध्याकाळी पेटीसमोर बसू लागले. आपण बसतो ते वाकड्यासाठी, असं स्वतःला सांगत.

एका संध्याकाळी कालिंदीबाईंनी दाणे टाकले. वाकड्या आता अर्ध्या शेपटीने निघाला. त्यामुळे तो आणखीच डावीकडे, थेट रोपात शिरला. खांबेट्यांनी श्वास रोखला. पानांआडून मधाचा रंग पुढे आला. त्याने एक मिशी लांबवली, वाकड्याच्या अंगावरून हलकेच फिरवली, आंधळ्याने चेहरा चाचपावा तशी, आणि मग बाजूला सरून त्याला वाट दिली. वाकड्या दाण्यांकडे निघाला. गोरामी त्याच्या मागोमाग बाहेर आला, पेटीच्या मधोमध.

"आला हो," कालिंदीबाई कुजबुजल्या.

खांबेट्यांनी दाण्यांच्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "मी काय म्हणतो, तुला कुठे राहायचंय? नंतर?"

कालिंदीबाईंनी काचेवरची नजर हलवली नाही. बाहेर जिन्यात कुणीतरी मोठ्याने हसलं. अड्डा भरला होता.

"इथेच," त्या म्हणाल्या. "पुण्याला नेलंत तर त्या सोफ्याला पुन्हा दार शोधावं लागेल."