अकरा म्हणून लिहिलेली दहा बाकडी

गुरुनाथकाकांनी माणदेशात एकतीस वर्षं रस्त्याकडची झाडं राखली. बांधकाम खात्यात मुकादम. हरेक झाडाला गेरू-चुन्याचा पट्टा आणि वर आकडा. रिटायर झाल्यावर पोराकडं, शंतनूकडं, अमेरिकेत फ्रिस्कोला आले. इथं झाडाला आकडा न्हाई आणि म्हाताऱ्या माणसाला गाडीबिगर पाय न्हाईत.

त्यांच्या बायकोला, अहिल्याकाकूंना, दम लागायचा. दोनशे पावलं झाली की बूड टेकायला जागा पायजे. लायब्ररी घरापासनं तळ्याकाठानं पाऊण मैल. गुरुवारी सकाळी तिथं आम्ही मराठी म्हाताऱ्या जमतो. काकूंना यायचं होतं, पण आपल्या पायांनी. "गाडीत टाकून न्यायला मी काय किराणा हाय?"

वाटंवर बाकडी होती. पण किती आणि कुठं, ते कळल्याबिगर काकू उंबरा ओलांडंनात. तेव्हा नातीनं, अनिकानं, आजोबाला फोनवर एक नकाशा दाखवला. कुणीबी त्यात भर घालावी, असला. काका खूश. शंतनूच्या गाडीतनं तळ्याला एक चक्कर मारली, काचेतनं मोजलं आणि खात्याच्या रजिस्टरात लिहायचे तसंच टाकलं. घराजवळच्या पुलापासनं लायब्ररीपतोर एक रेघ. बाकडी, नग अकरा.

नकाशानं रेघेच्या मधोमध एकच बाकडं उमटवलं.

काकूंनी चष्मा लावून बघितलं. "एवढ्या वाटंला एक?"

"अगं, अकरा हाईत."

"वाटंत तुमचं 'ह्ये काय, आलंच' चाळीस वर्षं ऐकतीया. आलं कवा?"

अनिका हसली. "आजोबा, लाइन टाकली तर मॅपला एकच बेंच वाटतो. प्रत्येक वेगळा ॲड करायचा."

काका टोपी घालून निघालेच. संगं अनिका. एकेका बाकड्यापाशी उभं राहून ठिपका टाकायचा. पाठ हाय का न्हाई, सावली पडते का, तेबी लिहायचं. काका पुटपुटले, "झाडं वळीत असली तरी वाळत्यात एकएकटीच. मला कळाया पायजे हुतं."

सातवं बाकडं जवळ गेल्यावर विजेची हिरवी पेटी निघाली. सहाव्यापासनं पुढच्या बाकड्यापतोर काकांनी पावलं मोजली. चारशे धा.

घरी येऊन ते खालमानेनं म्हणाले, "धाच हाईत. सहाव्याच्या म्होरं चारशे धा पावलं काय न्हाई."

काकूंनी चष्मा काढून ठेवला. "आज खरं अंतर सांगितलंसा. मग निगते मी गुरुवारी."

निघाल्या की हो! हातात फोन, ठिपक्यामागं ठिपका. सहा बाकडी झाली आणि हिरव्या पेटीपाशी काका घडीची खुर्ची उघडून उभे.

"ह्ये नकाशावर न्हाई," काकू धापा टाकत म्हणाल्या.

"ह्ये फिरतं हाय. बस."

लायब्ररीच्या दारात काकू आल्या तेव्हा आम्ही सगळ्या उठून उभ्या राहिलो. तवापासनं माझा दुखरा गुडघाबी त्याच दहा ठिपक्यांवर चालतोय. वाटंत टेकले की त्या मुकादमाला मनातनं हात जोडते.

त्या दिवशी काका मागं राहिले होते, खांद्यावर खुर्ची, सदरा घामानं भिजलेला. काकूंनी ती खुर्ची काढून घेतली, भिंतीला मांडली आणि म्हणाल्या, "टेका आता. लई चाललासा माझ्यापायी."