पास्टरांच्या घरभाड्याचा ठराव

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ज्या देशात पगारावर प्राप्तिकरच नाही, त्या देशात प्राप्तिकराच्या एका प्रकरणाचा तपास प्रस्तुत निवृत्त इसमाने तडीस नेला आहे.

ती फेब्रुवारीची सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकाच्या तयारीचे दिवस. दोह्यात धुके उतरले होते, क्रेनचे नुसते शेंडे वर तरंगत होते आणि अर्धवट स्टेडियम जमिनीला टेकलेलेच वाटत नव्हते. पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी तिथल्या एका कंपनीत सुरक्षा अधिकारी झालो होतो.

तिथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पास्टर अल गराफा भागात दोन खोल्यांत राहत. मूळचे जालन्याकडचे, पण पासपोर्ट अमेरिकेचा. त्यामुळे कराचा हिशेब अमेरिकेला द्यायचा. तिथला नियम असा, की धर्मोपदेशकाला घरासाठी दिलेल्या रकमेवर प्राप्तिकर माफ. मात्र ती रक्कम मंडळीने आधीच ठरवून दिलेली हवी. विश्वचषकामुळे भाडी चढली, म्हणून डिसेंबरात मंडळीने वाढीव रकमेचा ठराव केला. त्या सकाळी कळले, की तो कागदच सापडत नाही. कर भरून ते घर परवडणार नव्हते. पास्टरांना दोहा सोडावे लागले असते.

"त्यात काय, जुनी तारीख घालून नवा लिहू," मंडळीचे सेक्रेटरी म्हणाले. पुण्याचे इंजिनिअर.

"मग शुक्रवारी मी कोणत्या तोंडाने उपदेश करू?" पास्टरांनी शांतपणे विचारले. तिथे साप्ताहिक सुटी शुक्रवारी, म्हणून उपासनाही शुक्रवारीच.

मागाहून लिहिलेला पंचनामा कोर्टात कसा उघडा पडतो, ते मी पाहिले होते. तपास हाती घेतला.

खबर दिली पास्टरांच्या साताऱ्याकडच्या ड्रायव्हरने. शुक्रवारी प्रार्थना संपेपर्यंत तो बाहेर गाडीत पडून गाणी ऐकायचा.

"साहेब, कागदाचं मला ठावं न्हाई. पण प्रार्थनेतली ती हार्मोनियम आधी आपली आपणच गुणगुणायची. झोप लई ग्वाड लागायची. डिसेंबरपासनं गप हाय."

मी सेक्रेटरींना समोर बसवले. पोलीस ठाण्यातली जुनी सवय, एकच प्रश्न तीनदा विचारायचा. पहिल्यांदा म्हणाले, ठराव वहीत लिहिला. दुसऱ्यांदा, वही घरी राहिली होती, सुट्या कागदावर लिहिला. तिसऱ्यांदा हळूच, "सह्या झाल्या आणि सगळे गायला उभे राहिलो. कागद मी हार्मोनियमवर ठेवला."

शुक्रवारी हार्मोनियम वाजवणाऱ्या काकांना गाठले. नगरकडचे एसी फिटर, नादुरुस्त वस्तू दिसली की हात शिवशिवणारे.

"काका, ही गप्प कशी झाली?"

"एक पट्टी खाली दबूनच राहत होती, भाता हलवला की आपोआप सूर लागायचा. हाताला आला तो कागद घडी करून कोंबला तिच्याखाली. का?"

नोकरीभर मी चोर शोधत आलो. या प्रकरणाने शिकवले, की कागद हरवला तर चोराआधी कामसू माणूस शोधावा.

पंचांसमक्ष, म्हणजे सबंध मंडळीसमोर, मी कागद ओढून काढला. तारीख, सह्या, सारे शाबूत. पास्टरांनी डोळे मिटले. काकांचा हात सवयीने भात्यावर गेला आणि तो जुना सूर खोलीभर पसरला. बाहेर गाडीत ड्रायव्हरने सीट मागे पाडली.

काका बोलून गेले, "पास्टर, कागद घ्या, पण आता हिला गप्प बसवायला दुसरा ठराव करा."