काळीची बायो

चारकोपच्या सेक्टरमधल्या बायकांना नवी साडी घेतली की आधी प्रेमा परबची आठवण येते. फॉल-बीडिंग करावं तर प्रेमाने. टाका असा, की साडी उलटी करून शोधला तरी सापडायचा नाही. जिभेचं मात्र तसं नाही. तिथले टाके लांबूनही दिसतात आणि ज्याला बसले त्याला ते बरेच दिवस खुपतात.

ही बाई घरात कुत्रं घेईल असं कुणी म्हटलं असतं तर शेजारच्या चेतनाने त्याला वेड्यात काढलं असतं. कुत्र्याची जागा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, हे कणकवलीकडच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. इथे खळं नाही, दोन खोल्या आणि वर चढवलेला एक पोटमाळा, म्हणून मग कुत्रंही नाही, असा साधा हिशेब होता. तो मोडला निधीने. निधी लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. त्यांच्या गल्लीत डावीकडे इस्त्रीवाल्याची टपरी आहे, तिच्याखाली काळी नावाची भटकी कुत्री व्यायली होती. एका सकाळी पाण्याच्या टँकरखाली तिचं एक पिल्लू गेलं. संध्याकाळी निधी कामावरून आली ती दुसरं ओढणीत गुंडाळूनच.

प्रेमा म्हणाली, उंबऱ्याच्या बाहेर ठेव. रात्री जेवणं होईपर्यंत ते तपकिरी गाठोडं तिच्याच जुन्या साडीच्या घडीवर झोपलं होतं. काशीराम, म्हणजे प्रेमाचा नवरा, साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. तो देवाशी बोलतो तेवढं माणसांशी बोलत नाही. तो हातपाय धुऊन देव्हाऱ्यासमोर उभा राहिला आणि त्याने रीतसर गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, ह्या पिल्लू आज तुझ्या दारात इला हा. तेका सांभाळ, तेच्या पायाक काटो लागू देव नको, आनि प्रेमाच्या तोंडापास्ना तेका राख रे महाराजा." मागून निधीने "व्हय महाराजा" म्हटलं, आणि मग बोलायला काही उरलंच नाही.

पिल्लू मादी होतं. निधीने नाव ठेवलं ब्राऊनी. प्रेमाला ते तोंडात बसेना, ती बायो म्हणू लागली. निधी लहान असताना तिलाही ती बायोच म्हणायची. पिल्लानेही शेवटी तेच नाव घेतलं.

पहिले काही दिवस पिल्लू रडायचं. ते रडलं की काळी गेटपाशी येऊन बसायची. भुंकायची नाही, नुसती बसायची, आणि प्रेमाला तेच सहन होत नसे. एकदा तिने झाडू उगारला, एकदा बादलीभर पाणी फेकलं. काळी भिजलेल्या अंगाने थोडी मागे सरली आणि पुन्हा बसली. मग कधीतरी यायची थांबली. प्रेमाला सुटल्यासारखं झालं.

हे असं का, ते सांगायला हवं. निधी प्रेमाच्या पोटची नाही. काशीरामचा धाकटा भाऊ गावाला होता, त्याच्या बायकोला, रत्नप्रभेला, तीन मुली. प्रेमाची कूस उजवली नाही. घरातल्या मोठ्यांनी बसून ठरवलं आणि मधली मुलगी या दोघांना दिली. ओटीत घेतली तेव्हा निधी नुकती नीट चालायला लागली होती. निधीला सगळं ठाऊक आहे, लपवाछपवी कधीच नव्हती. ती प्रेमाला आई म्हणते आणि रत्नप्रभेला काकी. गणपतीला सगळे गावी जातात, एका पंगतीत जेवतात. पण तिथे असेपर्यंत प्रेमा निधीला काकीबरोबर एकटीला विहिरीवरसुद्धा जाऊ देत नाही. काही ना काही काम काढून मध्ये उभी राहते.

आता धाकटा दीर वारला होता, रत्नप्रभेच्या दोन्ही लेकी सासरी होत्या आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. निधीने विचारलं होतं, की काकीला इथे राहायला आणू या का, ऑपरेशन इथे होईल, महिनाभर राहील, माझी डॉक्टरांशी ओळख आहे. प्रेमा "बघू" म्हणाली. काशीराम म्हणाला, "येवंदे ना गो तिका रवाक." त्यालाही "बघू"च मिळालं. ज्या पोरीला वाढवलं ती त्या महिनाभरात पोटच्या आईची होऊन जाईल, ही भीती तिने कुणालाच सांगितली नाही. जागा लहान आहे, संडास उंचावर आहे, असली कारणं मात्र ती सगळ्यांना ऐकवत होती.

तर अशा दिवसांत पट्ट्याचं शिक्षण सुरू झालं. सगळी इंजेक्शनं होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर उतरवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून आधी घरात. निधीने लाल पट्टा आणला आणि फोनवर बघून काय काय करायचं ते आईला समजावलं, कारण सकाळी ती स्वतः कामावर. गळ्यात पट्टा पडताच बायो मटकन खाली बसली आणि मागच्या पायाने मान खाजवत राहिली. प्रेमाने मग दोरीऐवजी उरलेल्या फॉलची एक पट्टी पट्ट्याला बांधली आणि दिली सोडून. पट्टी मागे फरफटत बायो घरभर हिंडली, स्वतःच तिच्यात अडकली, पट्टीचं टोक चावलं, आणि दोन-चार दिवसांत विसरून गेली. मग खरी दोरी. दोरी हातात, उकडलेल्या अंड्याचे तुकडे बटव्यात, आणि स्वयंपाकघरापासून दारापर्यंत वारी. घरात बायो झकास चालायला लागली.

बाहेर मात्र वाट लागली. गेटमधून डावीकडे शांत गल्ली होती, पण तिथे इस्त्रीची टपरी आणि टपरीखाली काळी. म्हणून प्रेमा रोज उजवीकडे वळायची. तिकडे नाला, टेम्पो, कर्णकर्कश हॉर्न वाजवणारी पोरं. बायो चारही पाय रोवून बसायची. प्रेमा ओढायची, बायो आणखी रोवायची. शेवटी तिला उचलून घरी आणायची पाळी. निधीने सांगितलं, "आई, डावीकडून ने ना तिला. तिकडे गाड्या नसतात." प्रेमा म्हणाली, तिकडे कचरा असतो. निधीने आईकडे जरा जास्त वेळ बघितलं.

मग एके दिवशी उजवीकडचा रस्ता पाइपलाइनसाठी खणला गेला. पत्रे लावून पूर्ण बंद. प्रेमाने पालिकेचा उद्धार केला आणि नाइलाजाने डावीकडे वळली.

टपरी अजून लांब होती तोच बायोचं नाक वर गेलं. एरवी बसकण मारणारी पोर अशी ओढू लागली, की दोरी प्रेमाच्या तळहातात रुतली. तिने घट्ट धरली. बायोचा गळा आवळला, ती खोकली, तरी ओढतच राहिली. खोकला ऐकून प्रेमाचाच जीव गलबलला. तिने हात सैल सोडला.

बायो धावत जाऊन सरळ काळीच्या पोटाखाली घुसली. काळीने तिला हुंगलं, शेपटी एकदा हलवली. पिल्लू दूध शोधू लागलं तशी मात्र ती गुरगुरली, दात दाखवून अंगावर आली. बायो कें कें करत लोळली आणि पळत येऊन प्रेमाच्या गाऊनमध्ये शिरली.

प्रेमाला आनंद झाला. खोटं कशाला बोला, अगदी आतून झाला. वाकून तिने बायोच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, बघितलंस, कोण तुझं ते? मग दोघी पुढे निघाल्या. नवल म्हणजे बायो आता तिच्या पायाशी पाय लावून चालत होती, ओढ नाही, बसणं नाही. ज्यासाठी इतके दिवस अंडी उकडली ते हे असं झालं.

गल्लीच्या टोकाला प्रेमाने सहज मागे पाहिलं. काळी टपरीखाली नव्हती. ती त्यांच्या मागे मागे अर्ध्या गल्लीपर्यंत आली होती आणि तिथेच थांबून बघत होती. प्रेमाची नजर पडताच तिने तोंड फिरवलं आणि कान खाजवायला लागली.

प्रेमा तिथेच उभी राहिली. तिला कणकवलीचा एसटी स्टँड आठवला. रत्नप्रभेने निधीला तिच्या हातात दिलं होतं. पोरीने आईचा पदर मुठीत धरला होता, तो रत्नप्रभेने हिसकून सोडवला आणि चालू लागली. "मागे वळूनसुद्धा बघितलं नाही हो तिने," हे प्रेमाने किती जणींना सांगितलं असेल याला गणती नाही. जिला नकोशी होती ती मी वाढवली, या एका वाक्यावर तिची सगळी आईपणाची इमारत उभी होती. अशी गोष्ट कुत्र्याकडून शिकायची वेळ यावी हे काही भूषण नव्हे. पण शिकलं, हेही थोडं नाही.

संध्याकाळी काशीराम चहा पीत बसला होता. प्रेमाने विचारलं, की त्या दिवशी स्टँडवर रत्नप्रभा खरंच लगेच निघून गेली होती का. काशीरामने कप खाली ठेवला.

"वळली नाय," तो म्हणाला. "पन गेली पन नाय. गाडी सुटापर्यंत कँटीनच्या मागे उभी होती. माज्या बाजूच्या खिडकीतना दिसत होती."

"आणि इतकी वर्षं मला सांगितलं नाही?"

"तू चेडवाक मांडयेर घेवन बसलंस. तुझा तोंड बघलंय. काय सांगलंय असतंय तुका?"

प्रेमाला त्याचा राग आला आणि त्याची दयाही आली. तिने हातातली साडी बाजूला ठेवली. निधी कामावरून आली होती, दारात बसून बायोचे पाय पुसत होती. प्रेमाने तिच्याकडून गावचा नंबर लावून घेतला. कशाला, ते सांगितलं नाही. निधी फोन हातात देऊन तिथेच उभी राहिली.

पलीकडे रत्नप्रभेने आवाज ओळखला आणि घाबरून आधी सगळ्यांची खुशाली विचारली. सगळी बरी आहेत, असं प्रेमाने सांगितलं. प्रेमा कधी स्वतःहून फोन करत नसे.

"डोळ्यांचा हयच करूया," प्रेमा म्हणाली. "तू तुझ्या चेडवाकडे ये."

एवढी वर्षं तिच्या तोंडून 'तुझी लेक' असं कधी निघालं नव्हतं. मग रत्नप्रभा हळू म्हणाली, "चेडू तुमचाच, वैनी. माका फक्त एकदा डोळे भरून बघूचा हा."

प्रेमाने मान वर केली. निधी समोरच उभी होती.

"नुसता बघूक येव नको, रत्नप्रभा," ती म्हणाली. "रवाक ये."